लेखणी, कुंचला आणि वांगच्वानचे खोरे : चित्रकार वांग वेई याच्या निर्मितिप्रक्रियेचा विचार

पालि भाषेत ‘चित्त’ या शब्दाचे दोन अर्थ होतात : एक मन आणि दुसरा चित्र. संस्कृतातील ‘चित्त’ व ‘चित्र’ हे दोन भिन्न शब्द पालित येताना एकरूप झाले. संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तात भगवान बुद्धांनी या एकरूपतेचा मार्मिक उपयोग केला आहे. ‘चरण’ नावाच्या चित्राचा दाखला देऊन ते भिक्खूंना समजावतात, की ते चित्र मनानेच योजलेले असते आणि मन त्या चित्राहूनही अधिक विविधरंगी असते. अट्ठसालिनी ही अट्ठकथा हाच विचार पुढे नेते. अमुक रूपे अमुक प्रकारे काढावीत असा विचार प्रथम चित्रकाराच्या मनात उत्पन्न होतो आणि त्यातून रेषा आखणे, रंग भरणे, उजाळा देणे इत्यादी क्रिया घडतात, असे तेथे विवेचन आहे. यातील रेषेसाठी योजलेला शब्द आहे ‘लेखा’. ‘लिखति’ या क्रियापदाचा अर्थ ओरखडणे, रेखणे आणि लिहिणे असा तिहेरी आहे. लिहिणारा आणि रेखणारा यांचे नाते भाषेनेच असे नोंदवून ठेवले आहे.

हे नाते प्रत्यक्ष एखाद्या कलावंताच्या जीवनात कसे कार्य करते, आणि तो कलावंत नगर सोडून खेड्याच्या सान्निध्यात राहिला असता त्याच्या दृष्टीत कोणता बदल घडतो, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत. त्यासाठी आम्ही निवडलेला कलावंत आहे चीनमधील थांग राजवटीच्या काळातील (इ. स. ६१८ ते ९०७) कवी व चित्रकार वांग वेई. तो बौद्ध उपासक होता, हे या निवडीचे एक कारण. दुसरे कारण असे, की त्याने एकाच खोऱ्यातील स्थळे आधी शब्दांत व मग चित्रात उतरविली असे परंपरा मानते. त्यामुळे लेखन आणि चित्र यांचा संबंध तपासण्यास त्याच्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

विमलकीर्तीचे नाव

वांग वेई याचा जन्म इ. स. ७०० च्या सुमारास उत्तर चीनमधील एका प्रतिष्ठित कुळात झाला. त्याची माता छान (ध्यान) संप्रदायातील आचार्य दाचाओ यांची तीस वर्षांहून अधिक काळ अनुयायी होती. चिनी प्रथेनुसार सुशिक्षित पुरुषास मूळ नावाखेरीज आणखी एक नाव असे. वांग वेई याचे दुसरे नाव ‘मोच्ये’ होते. ‘वेई’ आणि ‘मोच्ये’ ही दोन्ही नावे एकत्र उच्चारली, की ‘वेइमोच्ये’ हा शब्द तयार होतो, आणि हे विमलकीर्तीच्या नावाचे चिनी रूप आहे. वैशालीचा हा गृहस्थ उपासक संसारात राहूनही प्रज्ञेत श्रेष्ठ ठरला अशी कथा विमलकीर्तिनिर्देशसूत्रात येते. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये केलेला या सूत्राचा अनुवाद चीनच्या सुशिक्षित वर्गात अतिशय प्रिय होता. गृहस्थ राहून, राजसेवा करून धम्माचरण साधता येईल काय, हा त्या वर्गाचा प्रश्न होता आणि वांग वेईच्या नावातच तो सामावलेला होता.

तरुण वयात त्याने राजकीय परीक्षेत यश मिळविले, पद मिळविले, दूरच्या प्रांतात बदलीची शिक्षाही भोगली. तिशीच्या सुमारास त्याची पत्नी वारली. त्यानंतर त्याने पुन्हा विवाह केला नाही. थांग राजवटीच्या जुन्या इतिहासग्रंथात त्याच्या उत्तरायुष्याचे वर्णन आहे. तो शाकाहारी होता आणि भपकेदार वस्त्रे वापरीत नसे. त्याच्या खोलीत चहाचे भांडे, औषधाचा खल, सूत्रग्रंथ ठेवण्याचे मेज आणि दोरीची बाज एवढेच सामान असे. दरबारातून परतल्यावर तो उदबत्ती लावून एकांतात ध्यानाला बसे.

वीस स्थळे, वीस कविता

राजधानी छांगआन, म्हणजे आजचे शिआन. तिच्या आग्नेयेस लानत्येन परगण्याच्या डोंगरात वांगच्वान नावाचे खोरे आहे. या नावातील ‘वांग’ आणि कवीचे आडनाव यांचा उच्चार आपल्याला सारखा वाटला, तरी लिपीत ती दोन वेगळी अक्षरे आहेत. खोऱ्याच्या नावातील अक्षराचा अर्थ ‘चाकाची कड’ असा आहे. येथील वाडी पूर्वी सोंग चिवेन या कवीची होती. ती वांग वेईने घेतली आणि मातेच्या साधनेसाठी तेथे साधी कुटी बांधली. सरकारी कामातून सवड मिळेल तेव्हा तो तेथे येऊन राहत असे.

त्याचा तरुण मित्र पेई दी याच्याबरोबर तो या खोऱ्यातून हिंडे. दोघांनी मिळून वीस स्थळे निवडली : एक घळ, एक डोंगरधार, हरणांचे कुंपण, बांबूतील कुटी, तळे, उथळ प्रवाहातील पांढरे खडक, लाखेच्या झाडांची बाग इत्यादी. प्रत्येक स्थळावर वांग वेईने एक आणि पेई दीने एक अशी कविता रचली. प्रत्येक कविता चार ओळींची आणि प्रत्येक ओळ पाच अक्षरांची, म्हणजे एका स्थळासाठी केवळ वीस अक्षरे. वांग वेईच्या वाट्याची सर्व स्थळे मिळून चारशे अक्षरे होतात. हाच ‘वांगच्वान संग्रह’ म्हणून प्रसिद्ध आहे.

या आकड्यांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधीत आहोत. एका तळ्याचे वर्णन वीस अक्षरांत करावयाचे म्हटले, म्हणजे त्या तळ्याविषयी जे जे दिसते ते सर्व सांगणे अशक्य होते. काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय प्रत्येक अक्षरागणिक घ्यावा लागतो. कुंचला हाती घेण्यापूर्वी हा निर्णय वांग वेईच्या दृष्टीला सवयीचा झालेला होता. शिवाय त्याच्या संस्कृतीत लेखनाची आणि चित्रकलेची साधने एकच होती. तोच केसांचा कुंचला, तीच काजळीची शाई, तोच कागद किंवा तेच रेशीम. चिनी भाषेतील ‘श्ये’ हे क्रियापद लिहिण्यासाठी वापरतात आणि रेखाटण्यासाठीही वापरतात. पुढील काळातील चित्रकार तर आपण बांबू ‘लिहितो’ असेच म्हणत. पालितील ‘लिखति’ची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

खेड्याने काय दिले

वांग वेईने पेई दीला धाडलेले एक पत्र उपलब्ध आहे. चित्रकाराची दृष्टी कशी घडते हे समजण्यास ते त्याच्या कवितांइतकेच महत्त्वाचे आहे. वर्षाचा शेवटचा महिना होता. मित्र परीक्षेच्या अभ्यासात गुंतलेला म्हणून त्याला न बोलावता वांग वेई एकटाच डोंगरात गेला, एका विहारात थांबला, तेथील भिक्खूंसमवेत जेवला आणि रात्री डोंगरधारेवर चढला. तेथून त्याने जे अनुभवले त्याची तो नोंद करतो : पाण्यात हलणारा चंद्र, थंड डोंगरात दूरवर झाडांमागे लुकलुकणारे दिवे, खोल गल्लीतील कुत्र्यांचे भुंकणे, खेड्यात रात्री चाललेले धान्याचे कांडण आणि त्या आवाजात मधूनच मिसळणारी विहाराची विरळ घंटा. नंतर तो मित्राला येत्या वसंतात येण्याचे निमंत्रण देतो.

या नोंदीत निम्मी सामग्री कानांनी गोळा केलेली आहे. रात्रीच्या अंधारात खेडे दिसत नाही, ते ऐकू येते. मुसळाच्या आवाजावरून वस्ती किती दूर आहे हे कळते आणि घंटेवरून विहाराची दिशा कळते. नगराच्या गजबजाटात हे अंतर मोजता येत नाही. दृश्यात अंतर कसे निर्माण करावे, जवळचे आणि दूरचे यांच्यामध्ये मोकळी जागा कशी सोडावी, हा पुढे चिनी निसर्गचित्राचा मध्यवर्ती प्रश्न झाला. वांग वेईला त्याचे शिक्षण अशा रात्रींनी दिले असावे असे आम्हांस वाटते.

पत्राच्या अखेरीस एक छोटा व्यावहारिक तपशील आहे. ते पत्र हुआंगबो नावाच्या झाडाची साल वाहून नेणाऱ्या माणसाबरोबर पाठविलेले आहे. ही साल औषधी आहेच, शिवाय तिच्यापासून पिवळा रंग निघतो. त्या काळी सूत्रग्रंथांच्या कागदाला कीड लागू नये म्हणून तो या रंगात बुडवीत. डोंगरातला माणूस, त्याच्या पाठीवरची साल, विहारातला ग्रंथ आणि कवीचे पत्र ही सारी एकाच वाटेने नगराकडे जात होती. लेखन आणि ग्रामीण परिसर यांचा संबंध केवळ भावनेचा नव्हता, हे यावरून ध्यानात यावे.

रिकामा डोंगर कशाने रिकामा?

संग्रहातील ‘हरणांचे कुंपण’ ही कविता सर्वांत प्रसिद्ध आहे. तिच्यातील डोंगराला ‘खोंग’ हे विशेषण लावलेले आहे. या शब्दाचा साधा अर्थ रिकामा, आणि बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादांत ‘शून्य’ या संज्ञेसाठी हाच शब्द योजला जातो. कवितेत माणूस दृष्टीस पडत नाही, परंतु कोठून तरी बोलण्याची चाहूल येते, आणि कलत्या सूर्याचा प्रकाश दाट रानात शिरून शेवाळावर स्थिरावतो. मग हा डोंगर रिकामा कसा?

येथे मज्झिमनिकायातील चूळसुञ्ञतसुत्ताचे साहाय्य घेता येईल. श्रावस्तीच्या पूर्वारामातील मिगारमातेच्या प्रासादाचे उदाहरण देऊन भगवान आनंदाला सांगतात, की हा प्रासाद हत्ती, गाई, घोडे यांनी रिकामा आहे, परंतु भिक्खुसंघाने रिकामा नाही. त्याचप्रमाणे अरण्यात राहणारा भिक्खू गावाची संज्ञा आणि माणसांची संज्ञा बाजूला ठेवून केवळ अरण्याच्या संज्ञेवर मन एकाग्र करतो. जे तेथे नाही ते नाही म्हणून पाहतो आणि जे उरले आहे ते आहे म्हणून जाणतो. शून्यतेचा हा अर्थ अत्यंत नेमका आहे. ‘काही नाही’ असा तो अर्थ नव्हे. कशाने शून्य आणि कशाने अशून्य, हा विवेक त्यात अभिप्रेत आहे.

वांग वेईचा डोंगर दिसणाऱ्या माणसांनी शून्य आहे, आवाजाने आणि प्रकाशाने शून्य नाही. या सुत्ताचा समांतर पाठ चिनी मध्यमागमात इ. स. ३९८ पर्यंत अनुवादित झालेला होता. तथापि या कवितेवर त्याचा थेट प्रभाव आहे असे आम्ही प्रतिपादन करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की चित्रातील मोकळी जागा समजून घेण्यास हे सुत्त उत्तम साधन आहे. चिनी निसर्गचित्रात कागदाचा न रंगविलेला भाग धुके होतो, पाणी होतो, आकाश होतो. त्या कोऱ्या भागाचा अर्थ त्याच्या कडेला काय काढले आहे यावरून ठरतो. गाळण्याची ही कला वांग वेईने आधी वीस अक्षरांच्या चौकटीत आत्मसात केली होती.

चित्रांतील धम्म

वांग वेईने वांगच्वानचे दृश्य छिंगयुआन विहाराच्या भिंतीवर रंगविले होते, अशी नोंद इ. स. ८४७ च्या सुमारास चांग येनयुआन या कलेतिहासकाराने केली आहे. ते भित्तिचित्र आज अस्तित्वात नाही. ग्वो चुंगशू (मृत्यू इ. स. ९७७) याच्या नावावर असलेली प्रतिकृती आणि इ. स. १६१७ मध्ये लानत्येन येथे शिलांवर कोरलेली आवृत्ती यांच्या आधारे आपण त्या रचनेची कल्पना करू शकतो. या आवृत्त्या आडव्या गुंडाळीच्या स्वरूपाच्या आहेत. अशी गुंडाळी हातभर उलगडायची, पाहायची आणि पुन्हा पुढे उलगडायची असते. एकामागून एक स्थळ येते, जणू पाहणाराच खोऱ्यातून चालत आहे. कवितासंग्रहाची घडणही अशीच आहे. स्थळांचा क्रम, प्रत्येक स्थळी थोडा वेळ थांबणे आणि पुढे जाणे ही रचना प्रथम लेखनात सिद्ध झाली आणि चित्राने ती स्वीकारली.

त्याच्या दुसऱ्या एका चित्राचे वर्णन शेन क्वो (इ. स. १०३१ ते १०९५) या विद्वानाने केले आहे. हे चित्र त्याच्या स्वतःच्या संग्रही होते. युआन आन नावाचा सज्जन हिमवृष्टीत घरात पडून आहे असा त्याचा विषय, आणि त्या हिमात वांग वेईने केळीचे झाड काढले होते. उत्तरेच्या हिवाळ्यात हिरवी केळ कशी, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. शेन क्वोने त्याचे समर्थन केले, की थोर चित्रकाराचे मर्म ऋतूच्या अचूकपणात शोधू नये. बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र या केळीत आणखी काही दिसते. संयुत्तनिकायातील फेणपिण्डूपमसुत्तात रूपाला फेसाची, वेदनेला बुडबुड्याची, संज्ञेला मृगजळाची, संस्कारांना केळीच्या खांबाची आणि विज्ञानाला जादूगाराच्या मायेची उपमा दिली आहे. केळीचे सोपट कितीही सोलले तरी आत गाभा सापडत नाही. विमलकीर्तिनिर्देशसूत्रातही शरीराच्या असारतेसाठी हाच दृष्टान्त येतो. ज्याने आपल्या नावातच विमलकीर्ती बाळगला, त्याने हिमात केळ रेखली ती केवळ लहर म्हणून, असे मानणे आम्हांस कठीण वाटते. डोळ्यांनी पाहिलेल्या निसर्गात वाचलेल्या शब्दाने येथे एक झाड लावले आहे.

इ. स. १०६१ नंतर फेंगशियांग येथे अधिकारी असताना सू शी या महाकवीने तेथील विहारात वांग वेईचे भित्तिचित्र पाहिले होते. त्यात जेतवनातील कृश देहाचे शिष्य आणि दाराशी बांबूची दोन बेटे होती. ख्यातनाम चित्रकार वू दाओत्झ याचे चित्रही तेथेच होते. सू शीने दोघांचीही स्तुती केली, परंतु श्रेष्ठत्व वांग वेईला दिले. वांग वेईचे काव्य आणि चित्र परस्परांत वसतात, हा पुढे प्रसिद्ध झालेला अभिप्रायही त्याचाच. सतराव्या शतकाच्या आरंभी दोंग चीचांगने वांग वेईला चित्रकलेच्या ‘दक्षिण पंथा’चा आद्य पुरुष ठरविले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आज वांग वेईच्या हातचे म्हणून निःशंकपणे स्वीकारता येईल असे एकही चित्र शिल्लक नाही आणि त्याच्या नावावरील चित्रविषयक ग्रंथ नंतरच्या काळातील मानले जातात. म्हणूनच आम्ही चित्रांच्या शैलीविषयी निष्कर्ष काढण्याऐवजी लेखनातून दिसणाऱ्या दृष्टीवर भर दिला आहे.

हे खेडे कोणाचे?

येथवर वाचून एखादा वाचक विचारील, की हे सारे जमीनमालकाचे खेडे नव्हे काय? हा प्रश्न रास्त आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या भाबड्या कौतुकावर कठोर टीका केली होती. दुरून रमणीय दिसणारे गाव आतून कोणासाठी कसे असते, हे विसरून निसर्गकाव्याचे गोडवे गाणे आपल्याला शोभणार नाही. वांगच्वान संग्रहात कष्टकरी माणसे फार थोडी येतात. चांदण्यात प्रवाहाकाठी रेशीम धुणारी माणसे दिसतात, पण त्यांची सुखदुःखे कळत नाहीत. ज्या मुसळाचा आवाज कवीला मधुर वाटला, ते रात्री उशिरापर्यंत कोणाच्या हातात होते, हे पत्र सांगत नाही.

ही मर्यादा मान्य करूनच पुढची हकिकत पाहावी लागते. इ. स. ७५५ च्या अखेरीस आन लूशान या सेनापतीने बंड केले आणि पुढच्या वर्षी राजधानी पडली. वांग वेई पकडला गेला. त्याने औषध घेऊन आजारी असल्याचे सोंग केले, तरीही त्याला लोयांग येथे नेऊन एका विहारात ठेवले गेले आणि बंडखोरांचे पद सक्तीने देण्यात आले. पेई दी तेथे त्याला भेटला आणि बंडखोरांच्या मेजवानीत राजदरबारचे वादक रडले ही वार्ता त्याने सांगितली. ती ऐकून वांग वेईने एक लहान कविता म्हटली. बंड मोडल्यावर शत्रूची सेवा केल्याच्या आरोपातून तो सुटला, तो या कवितेमुळे आणि भाऊ वांग चिन याने स्वतःचे पद पणाला लावून केलेल्या रदबदलीमुळे.

यानंतरच्या त्याच्या लेखनातील दोन अर्ज आम्हांस विशेष मोलाचे वाटतात. एकात तो वांगच्वानची वाडी विहारासाठी देण्याची अनुज्ञा सम्राटाकडे मागतो. दुसऱ्यात पूर्वीच्या पदाच्या जमिनीचे धान्य गरिबांना पेज देण्यासाठी वापरावे अशी विनंती करतो. संग्रहाच्या पहिल्याच कवितेत या जागेच्या पूर्वीच्या आणि पुढे येणाऱ्या मालकांचा विचार आहे. मालकीची अनित्यता जी शब्दांत आधी आली होती, ती अखेर आचरणात उतरली. जो आवाज एकेकाळी दृश्याचा भाग होता, त्यामागची भूक त्याला उत्तरायुष्यात दिसली असे या दुसऱ्या अर्जावरून म्हणता येईल. एवढ्याने जमीनमालक आणि कष्टकरी यांतील अंतर मिटले नाही, पण पाहण्याचा अभ्यास केवळ सौंदर्यापाशी थांबला नाही हेही तितकेच खरे.

समारोप

निसर्गात रमणे ही आसक्तीच नव्हे काय, अशी शंका धम्माच्या अभ्यासकांकडून वारंवार विचारली जाते. थेरगाथेत महाकस्सप स्थविरांच्या गाथा आहेत. त्यांत पर्वत, खडक, मोर, पावसाचे पाणी यांविषयी उत्कट आनंद व्यक्त झाला आहे. परंतु त्याच गाथांत एकाग्र चित्ताने धम्म पाहणाऱ्याचा आनंद संगीताच्या आनंदाहून श्रेष्ठ सांगितला आहे. पर्वत रमणीय वाटणे दोषास्पद नाही, पाहणारे चित्त कसे आहे यावर सारे अवलंबून असते.

वांग वेईच्या बाबतीत हे चित्त घडविण्याचे काम दोन गोष्टींनी केले. खोऱ्याने त्याला शांतता, अंतर आणि ऐकण्याची सवय दिली. लेखनाने त्याला गाळण्याची शिस्त दिली आणि वाचलेल्या सूत्रांनी पाहिलेल्या वस्तूंना अर्थ दिला. या दोहोंनंतर कुंचल्याने रेषा ओढली. चित्र मनाने योजलेले असते, हे खन्धसंयुत्तातील वचन या क्रमाने अधिक स्पष्ट होते.

इ. स. ७६१ मध्ये त्याचा अंत झाला. जुना इतिहासग्रंथ सांगतो, की अखेरच्या क्षणी त्याने अकस्मात कुंचला मागितला, दूर असलेल्या भावाला निरोपाचे पत्र लिहिले, मित्रांनाही बुद्धमार्गावर चित्त साधण्याचा उपदेश करणारी पत्रे लिहिली आणि कुंचला खाली ठेवून प्राण सोडला. विहार झालेल्या त्याच्या वाडीच्या पश्चिमेस त्याला पुरण्यात आले. पुढे तो विहार ‘लूयुआन’ या नावाने ओळखला जाऊ लागला. या शब्दाचा अर्थ मृगदाव. वाराणसीजवळच्या इसिपतनातील ज्या मृगदावात पहिले धम्मप्रवर्तन झाले, त्याचेही चिनी ग्रंथांतील नाव हेच आहे.